उकिडवा

समोर बूट दिसले. तांबूस, पॉलिश मारलेले, नाडीची टोकं आत खोचलेली. इतक्या जवळून बूट उभ्या माणसाला दिसत नाहीत, खुर्चीत बसलेल्यालाही दिसत नाहीत, आणि तेव्हा कुठे दीपेनला कळलं की आपण खाली बसलो आहोत. उकिडवे. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे उताणे, बोटं फाकलेली, मान खाली. मागं त्याची पांढरी प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. रविवारची सकाळ, सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरलेली मिटिंग, टेबलावर फाफडा, तळलेल्या मिरच्या, पपईचा संभारो. आणि तरलिकाबेनच्या कपाटातून गेलेल्या बांगड्यांची चौकशी करायला एक तरुण फौजदार आणि त्याच्या मागोमाग एक पिकलेला जमादार फाटकातून आत आले, एवढंच घडलं होतं. ते आले म्हणून सगळी सोसायटी उभी राहिली. आणि एक माणूस खाली बसला.

कुणाला काही उमगलं नाही. सेक्रेटरी प्रबोधभाई वाकून म्हणाले, "काय पडलं दीपेनभाई? चष्मा?" मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळचं योगासन राहिलं असेल!" आणि हशा पिकला. हसण्याचा आवाज दीपेनला पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येत होता. उठ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पाय उठेनात. पायांना त्याचं ऐकायचं नव्हतं. ते दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होते, आणि तो दुसरा अजून 'उठा' म्हणाला नव्हता. मग उर्मीचा हात त्याच्या दंडात रुतला. "कंबर धरते त्यांची," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "किती दिवस सांगतेय, दाखवा, दाखवा. स्वतः हाडांच्या दवाखान्यात काम करतात, दिवसभर लोकांचे एक्स-रे काढतात, पण स्वतःचं दाखवायला वेळ नाही." पुन्हा हशा. फौजदार सभ्यपणे म्हणाला, "जपा हं काका." दीपेन खुर्चीत बसला. कमरेवर हात ठेवायचं त्याला उशिरा सुचलं. सगळे हसले, एक तो जमादार हसला नाही. तो दीपेनच्या हातांकडे बघत होता. कंबर धरलेला माणूस कंबर धरतो. तळवे उताणे करून, बोटं फाकवून गुडघ्यावर ठेवत नाही, हे त्या खाकीतल्या म्हाताऱ्याला कळत होतं, आणि त्याला कळतंय हे दीपेनला कळत होतं.

पुढची मिटिंग त्याच्या कानांवरून गेली. प्रबोधभाई फौजदाराच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. खांद्यावर हात. दीपेन त्या हाताकडे पाहत राहिला. जणू कुणी उघड्या तारेवर हात ठेवला होता आणि काही होत नव्हतं. तरलिकाबेन रडत रडत तक्रारही करत होत्या आणि साहेबांना गरम फाफडा घ्यायचा आग्रहही करत होत्या. "आमच्या टॅक्सवर पगार घेता साहेब, एवढं तर शोधून द्याल ना?" नवऱ्यानं चढ्या आवाजात विचारलं, तर फौजदार चक्क ओशाळला. हे लोक त्यांच्याशी असं बोलतात. वर्षानुवर्षं या लोकांत राहूनही दीपेनला त्याचं रोज नव्यानं नवल वाटायचं. अगदी ट्रॅफिकच्या पोलिसाशी हुज्जत घालणारा माणूस पाहिला तरी तो स्कूटर थांबवून बघायचा. आणि मग त्याची मुलगी, सातवीतली तोरल, डिश घेऊन पुढं आली. "घ्या ना अंकल. तुमची बंदूक खरी आहे?" फौजदार हसला. "खरी आहे बेटा. पण चालवायची वेळ आली नाही अजून." तोरल त्याच्या इतक्या जवळ उभी होती की त्याचा पट्टा तिच्या बाहीला लागत होता. तिच्या शाळेत पोलीस येऊन गेले होते, पोलीस आपले मित्र, चित्रं काढायला लावली होती, तिच्या चित्राला बक्षीस मिळालं होतं. दीपेननंच ते फ्रिजवर लावलं होतं. बघा, त्याला वाटलं होतं तेव्हा, एका पिढीत झालं. माझ्या पोरीच्या अंगात ते भय नाहीच. मी ते आत जाऊच दिलं नाही. आता तो ते आपल्या स्वतःच्या अंगात शोधत होता. कुठल्या हाडात बसलं आहे ते? रोज तो काळ्या काचेसमोर माणसांना उभं करतो. 'हलू नका, श्वास रोखा,' म्हणतो आणि माणसं हलत नाहीत, श्वास रोखतात. शरीरं किती ऐकतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याला वाटायचं, हुकूम देणाऱ्या बाजूला आपण कायमचे आलो.

दीपेन जिथं वाढला त्या वस्तीतली मुलं चालायला शिकतात आणि लगेच उकिडवं बसायला शिकतात. दुसऱ्यांच्या घरी पोरांना वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला शिकवतात, तसंच ते. गल्लीच्या तोंडाशी जीप वाजली की भांडी घासणारी बाई भांडी ठेवून, दाढी करणारा गालावरचा साबण तसाच ठेवून, जिथं असेल तिथं बसे. तळवे वर, बोटं मोकळी, म्हणजे मुठीत काही नाही. बापानं, लच्छूनं, दीपेनला ते हौसेनं शिकवलं होतं, पोहायला शिकवावं तसं. "उभा राहिलास तर त्यांना वाटतं पळणार. पळालास की चोर. बसलास तर काठी पाठीवर बसते, पाठ काय, पाठ भरून येते. उभ्याला कुठंही बसते. कळलं का राजा?" आणि मग अंगणात सगळी भावंडं ओळीनं बसवून लच्छू स्वतः खोटा जमादार व्हायचा, पोटावर उशी बांधून, केरसुणीची काठी फिरवत, आणि बहीण किस्मत हसून हसून आडवी व्हायची. तिला तो सर्वांत आधी मारायचा, खोटंखोटं, "हसतेस? छारा आहेस आणि हसतेस?" लच्छूचा जन्म तारेच्या कुंपणाआत झाला होता. त्याच्या बापाला इंग्रज सरकारनं सगळ्या छारा जमातीसकट जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं, दिवसातून कितीदा तरी हजेरी घेतली जायची आणि कुंपणाबाहेर जायला चिठ्ठी लागायची. मग स्वराज्य आलं, कुंपण निघालं, तार भंगारात गेली, कायदा गेला. फक्त जीप राहिली. शहरात कुठंही काही गेलं, साबरमतीच्या त्या काठाला गेलं असेल, एखाद्या शेठाणीनं स्वतःच माहेरी ठेवून दिलं असेल, तरी जीप वस्तीतच यायची, कारण रस्ता तिला पाठ होता.

होय, वस्तीत चोर होते. शहरात वकील असतात तसे होते, काही हुशार, काही नुसतेच पोट जाळणारे. आणि भट्ट्या होत्या. जिथं दारूला बंदी तिथं दारू कुणीतरी पाडणारच, आणि ती कोण प्यायचं हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं; शनिवारी संध्याकाळी जे खाकी पाय भिंतीला टेकून 'जरा कडक दे मासी' म्हणायचे, तेच पाय सोमवारी सकाळी मडकी फोडायला यायचे. मासी तुटकी खापरं गोळा करत शिव्या द्यायची, पण जमिनीकडे बघून. दीपेनला लहानपणी वाटायचं, चोर हा एक धंदा आहे आणि पोलीस हाही एक धंदा आहे, आणि दोघांचं बाजारात येणंजाणं आहे. त्यात राग नव्हता. राग यायला आधी वाटावं लागतं की आपल्याशी असं वागायला नको होतं. ते वाटायची सोय तेव्हा नव्हती. ते वाटलं प्लॅस्टरच्या दिवशी.

लच्छू गिरणीत होता. चोर नव्हता, भट्टी नव्हती, गिरणीत माग चालवायचा, आणि त्याचा त्याला असा काही ताठा की वस्तीतले त्याला 'शेठ' म्हणून चिडवायचे. कापसाची गाठ पायावर पडली आणि नडगी मोडली. सरकारी दवाखान्यात मांडीपासून टाचेपर्यंत प्लॅस्टर घातलं. पांढरंशुभ्र. पोरांनी त्यावर कोळशानं फुलं काढली, किस्मतनं मोर काढला. आणि त्या दुपारी जीप आली. सगळी गल्ली बसली. लच्छू उंबऱ्यात काठीवर उभा होता. तो बसू शकत नव्हता. एवढीच गोष्ट आहे, मांडीपासून प्लॅस्टर घातलेला माणूस उकिडवा बसू शकत नाही, हे कुणालाही कळेल, गाढवालाही कळेल. "बस," एक जण म्हणाला. लच्छू हसला. तो हसला याचं दीपेनला अजून आश्चर्य वाटतं. "साहेब, पाय—" "बस म्हटलं ना." ओळीत बसलेला दीपेन ओरडला, "पाय मोडलाय त्यांचा!" त्याच्या थोबाडीत बसली, पण ती काही विशेष नव्हती. मग दुसरा म्हणाला, "पाय मोडलाय? बघू तर पायात काय आहे." शहरात कुणाची तरी सोन्याची साखळी गेली होती. लच्छूला अंगणात आडवा पाडला. वरवंटा मागितला. वरवंटा दीपेनच्या आईनंच आणून दिला, कारण मागितल्यावर द्यायचा असतो. मोर फुटला, फुलं फुटली. आतला पाय बाहेर आला, पांढराफटक, सुरकुतलेला, नुकत्या जन्मलेल्या जनावरासारखा ओला. त्यांनी कापसात बोटं घालून घालून पाहिलं. काही नव्हतं. मग ते गेले. त्यांच्यातला एक जाताना आईला म्हणाला, "वरवंटा धुवून घे." त्यात कुचेष्टा नव्हती. खरोखरच सांगितलं त्यानं, मसाला वाटायचा म्हणून. दीपेनच्या डोक्यात आजही जे खिळ्यासारखं रुतून आहे ते ओरडणं नाही, तो चांगुलपणा आहे.

पुढं दीपेन शिकला, एक्स-रेच्या मशीनवर बसला, आणि लच्छूला एकदा दवाखान्यात आणून त्यानं पायाचा फोटो काढला. काचेवर धरला. नडगी वाकडी जुळली होती, मधोमध गाठ, वेलीला दोरी करकचून बांधावी तशी. लच्छूनं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "नीट बघ राजा," तो म्हणाला, "ह्यात साखळी दिसते का कुठं?" आणि त्या काळ्या खोलीत दोघं बापलेक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, बाहेरच्या पेशंटनी दार वाजवलं इतके. लच्छू गेला. दीपेननं आडनाव बदललं, राठोड झाला, नदी ओलांडली. तो छारा आहे हे उर्मीला माहीत होतं, लग्नाआधीच त्यानं सांगितलं होतं. तिच्या माहेरी राठोड म्हणजे राजपूत हे त्यांनी आपापसांत समजून घेतलं आणि कुणी खोडलं नाही. तोरलला माहीत नव्हतं. किस्मत यायची ती वस्तीचं नाव न घेता, 'सरदारनगरच्या आत्या' म्हणून, चांगली साडी नेसून, हळू बोलत. तोरल मोठी झाली की सांगू, असं ते म्हणत. मोठी म्हणजे केवढी, ते काही ठरलं नव्हतं.

वर आल्यावर उर्मीनं चहा टाकला. पाठ करून उभी होती. "कशाला बसलात?"

"मी नाही बसलो."

"मग कोण बसलं?"

तिनं गॅस बारीक केला. "मी हसून नेलं म्हणून बरं. इतकी वर्षं आईला, मामींना, सगळ्यांना मी तोंडावर खोटं सांगत आले आणि तुम्ही… सगळ्यांसमोर… असे…" 'छाऱ्यासारखे' हा शब्द तिच्या दातांशी येऊन परतला, हे त्याला दिसलं. तिनं तो गिळला याबद्दल त्याला तिची माया आली, आणि तो तिच्याजवळ तयार होता याचा धसकाही. तेवढ्यात बेल वाजली. तोरलनं दार उघडलं. "या ना अंकल! पप्पा, पोलीस अंकल आलेत. पाणी आणू?"

जमादार एकटाच होता. टोपी काखेत. छातीवर नावाची पट्टी, जेठवा. त्यानं चपला काढाव्यात तसे बूट दाराशी काढले, मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, सोफ्यावर बसला, पाणी प्यायला, तोरलला "जियो बेटा" म्हणाला. "सगळ्यांकडे जातोय. तुमचं घर छान आहे. हवा चांगली येते." उर्मीनं चहा आणून ठेवला आणि तोरलला आतल्या खोलीत अभ्यासाला पिटाळलं. आतलं दार लागलं तसा जेठवानं पेला टेबलावर ठेवला आणि अगदी प्रेमानं, गावचा माणूस भेटल्यासारखं विचारलं, "कुणाचा तू?"

दीपेननं टेबलावरचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"अरे, लाजतोस काय? माझी पहिली चौकी तुमच्या वस्तीच्या तोंडाशी होती. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा. ते बसणं मी कुठंही ओळखीन. आम्हीच बसवायचो ना. आता नवीन पोरांना कुठं येतं ते, आता सगळं मोबाईलवर चालतं." तो हसला. हसणं वाईट नव्हतं. "मी खाली काही बोललो का? नाही ना? समजतं मला. माणूस वर आला, चांगलंय. कुणाचा?"

"लच्छूचा."

"लच्छू… पाच-सहा लच्छू होते रे तिथं."

"गिरणीत होते. पाय मोडला होता. वरवंट्यानं प्लॅस्टर फोडलं होतं त्यांचं." हे आपण बोलतोय हे दीपेनला स्वतःच्याच कानांनी ऐकावं लागलं. इतक्या वर्षांत उर्मीलाही त्यानं हे सांगितलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी राहिली. आता हा चेहरा बदलेल, त्याला वाटलं. फोडणारा हा असो वा दुसरा कुणी असो, काहीतरी हलेल. तो डोळे न मिटता बघत राहिला.

जेठवानं आठवून पाहिलं. खरंच पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. "फोडलं असेल," तो म्हणाला. "लपवायचे ना लोक प्लॅस्टरमध्ये. काही मिळालं का?"

"नाही."

"मग झालं तर." आणि त्यानं चहाचा कप उचलला.

मग झालं तर. दीपेनला वाटलं, आपण आजवर एका माणसाला शोधत होतो. रस्त्यात, चौकात, प्रत्येक पिकल्या खाकीवाल्याच्या तोंडाकडे बघत, की ज्याला ते आठवत असेल. ज्याला रात्री झोप लागत नसेल, किंवा ज्याला त्याचा अभिमान असेल, काहीही, पण आठवत असेल. आणि असा माणूस नव्हताच. घडलं होतं ते फक्त त्यांच्या घरात घडलं होतं. त्या बाजूला ते घडलंच नव्हतं, तिकडं तो एक सोमवार होता, की मंगळवार.

जेठवा चहाची तारीफ करून कामाचं बोलू लागला. तरलिकाबेनच्या नवऱ्याची ओळख वरपर्यंत आहे. साहेबांवर दबाव आहे. साहेब नवा आहे, पोरगा चांगला आहे, पण त्याला केस उकलून दाखवायला हवी. "मला एक नाव दे. खरं-खोटं ते कोर्ट बघेल, ते आपलं काम नाही. वस्तीतला एखादा पोरगा, अंगावर आधीच दोन-तीन केस असलेला. त्याला काय, आणखी एक. त्यालाही सवय असते. तुझं नाव कुठं येणार नाही, माझ्या पोरीची शपथ. आणि नाही दिलंस तर…" त्यानं खोलीभर नजर फिरवली, फ्रिजवरच्या चित्रापाशी थांबला, चित्रातल्या पोलिसाचे गाल लाल रंगवलेले होते. "तर मग साहेबांना सांगावं लागेल की या बिल्डिंगमध्येच एक राहतो. बुधवारी दुपारी बांगड्या गेल्या तेव्हा घर उघडं नव्हतं, कुलूप फुटलं नाही, म्हणजे माहितगार. साहेब काही मला वेड्यात काढणार नाही. संध्याकाळपर्यंत विचार कर."

विचार करायला दीपेनला संध्याकाळ लागली नाही, आणि त्याला हादरा बसला तो यानंच. जेठवाचं वाक्य संपायच्या आत त्याच्या मनानं नावं काढून ठेवली होती. किस्मतच्या शेजारचा भोला, दोनदा आत जाऊन आलेला. कोपऱ्यावरचा तो तिरळा पोरगा. किस्मतच बोलली होती त्याच्याबद्दल, लक्षणं बरी नाहीत म्हणून. नावं पुढं आली, हात जोडून, ओळीनं, कुणीही न बोलावता. मन किती तत्पर असतं. एक नाव, आणि पाठ मोकळी. तोरलची शाळा, उर्मीच्या मामी, प्रबोधभाईंचं 'दीपेनभाई', सगळं जागच्या जागी. आणि तिकडं एक जीप, आणि एक ओळ, आणि भोल्याची आई, मागतील ते आणून देणारी. आपल्या आत एक चौकी आहे, त्याला वाटलं, आणि तिथं माणूसही नेमलेला आहे, आणि तो माणूस आपण आहोत.

"देतो नाव," तो म्हणाला.

"शाब्बास."

"लिहा. दीपेन. बापाचं नाव लच्छू. जात छारा." आवाज चढला होता, त्याला थांबवता येईना. "लिहा ना! माहितगार आहे, कुलूप न फोडता शिरणारा आहे, जन्मानं चोर आहे. आजाला तुम्ही कुंपणात ठेवलंत, बापाचा पाय फोडलात, आता मला न्या. तुम्हाला नाव पाहिजे ना, हे घ्या नाव! वस्तीतलं दुसरं मिळणार नाही. या घरातून नाही."

उर्मी "हळू, हळू," म्हणत खिडकी लावायला धावली. जेठवा जराही चिडला नाही. हेच दीपेनला सहन होईना. त्यानं टोपी काखेतून काढून झटकली, दाराशी जाऊन खाली वाकून एकेक बूट चढवला, वाकताना हुंकारला, त्याचीही कंबर धरत असावी. "रक्त गरम आहे," तो उर्मीला म्हणाला. "समजवा त्यांना बेन. संध्याकाळी साहेब बोलावतील." आणि मग, बाहेर शेजारच्या मजल्यावर कुणी दार उघडलेलं पाहून, पुन्हा पहिल्यासारखं सभ्य, "बरं, येतो दीपेनभाई. सहकार्याबद्दल आभार."

दार लागलं. दीपेन भिंतीला टेकून उभा राहिला. छाती धडधडत होती, पण त्या धडधडीत, खरं सांगायचं तर, आनंद होता. कानशिलं तापलेली. आपण बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यातल्या एकाच्या डोळ्यांत बघून बोललो, आपल्या बापाचं नाव घेऊन बोललो. लच्छू असता तर, असं काहीतरी त्याच्या मनात येऊ लागलं होतं. उर्मी जमिनीवर बसून रडत होती, आणि तिच्या रडण्यातही त्याला वाटलं की थोडा अभिमान आहे, किंवा ते त्याला तसं वाटून घ्यायचं होतं. उद्या सगळ्या सोसायटीला कळेल. कळू दे. घर सोडावं लागेल. सोडू. तो हे सगळं भराभर मांडत होता, एखाद्या मोकळ्या झालेल्या माणसासारखा, आणि मग त्याला आतलं दार उघडं दिसलं.

तोरल दारात उभी होती. हातात पेन तसंच. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. चेहऱ्यावर सगळं होतं. पण त्यानं जे तिथं असेल असं धरलं होतं ते नव्हतं. लाज नव्हती. 'छारा म्हणजे काय' हा प्रश्नही नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती ते ओळखीचं होतं, कुठं पाहिलंय हे त्याला चटकन कळेना, मग कळलं. खाली पार्किंगमध्ये जेठवा बघत होता तसं, काळजीपूर्वक, हातांपासून सुरुवात करून.

"पप्पा," ती म्हणाली. ती घाबरली नव्हती. त्याच्या मुलीला भीती अशी कशाची नव्हतीच, पोलीस घरी आले ते काही कारणानंच आले असणार हे तिला सरळ वाटत होतं, तसं तर त्यानंच तिला वाढवलं होतं. आवाज हळुवार होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. "तरलिकामासींच्या बांगड्या तुम्ही घेतल्यात?"

नाही, असं म्हणायचं होतं. एवढा छोटा शब्द. जेठवासमोर एवढी वाक्यं बोलला होता. पण तो शब्द तोंडात यायच्या आधी, त्याच्या नकळत, दीपेननं आठवायला सुरुवात केली होती: बुधवारी दुपारी मी कुठं होतो. दवाखान्यात अर्धी रजा टाकली होती. उर्मीला सांगितलं होतं मशीनची सर्व्हिसिंग आहे. कुठं होतो. आणि आठवलं. किस्मतकडे होतो, तिच्या ओट्यावर, शेंगा खात, पायात पाय अडकवून, भोल्याच्या आईशी थट्टा करत. सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं त्याला. साऱ्या गल्लीला विचारा, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं: ती गल्ली सगळी छाऱ्यांची, तिची साक्ष कोण मानणार.

तोरल उत्तराची वाट बघत होती.